शारदासदन ते वढू

१८९० साली पुण्यात दोन गोष्टी घडल्या. पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये टिळक, रानडे यांच्यासारख्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे आली आणि त्यावरून ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, माजले. प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पंडिता रमाबाईंनी मुंबईतले आपले शारदासदन पुण्यात आणले. चहाची गोष्ट आजही चवीने सांगितली जाते. मला मात्र पुण्यातल्या ख्रिस्ती श्रद्धेचा मागोवा दुसऱ्या गोष्टीपासून घ्यावासा वाटतो, कारण ही श्रद्धा रोजच्या जगण्यात कशी उतरते हे या शहराने तिथे अगदी जवळून पाहिले.

विधवा मुलींना राहायला जागा, शिक्षण आणि पोटापाण्याचे साधन द्यायचे, कुणावर धर्म लादायचा नाही, असे शारदासदनाचे धोरण होते. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली आपणहून येऊन बसत. त्यावर ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती निराधार होती असे मी म्हणणार नाही. पुढे काही मुलींनी बाप्तिस्मा घेतलाही. पण दार बंद करून प्रार्थना करणे रमाबाईंना खोटेपणाचे वाटले असते, आणि त्या बाबतीत मी पूर्णपणे त्यांच्या बाजूचा आहे.

खरी कसोटी १८९६ मध्ये लागली. मध्य प्रांतात दुष्काळ पडला. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंनी आई, वडील आणि बहीण गमावली होती. उपासमार म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होते. संस्थेची ऐपत किती, मुलींना ठेवायचे कुठे, याची उत्तरे हातात नसताना त्या निघाल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेगची साथ आली, शहरात इतक्या जणींना ठेवणे शक्य राहिले नाही, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर नेले. मुक्ती मिशन उभे राहिले ते असे. तिथे शेती, विणकाम, छपाई सगळे बायकांच्याच हाती आले. साध्या बाईला कळेल अशा मराठीत रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्राचा अनुवाद केला, तोही तिथल्याच बायकांनी छापला.

याच काळातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याच्या सरकारी इस्पितळात बायकांची जी हेळसांड होत होती, तिच्याविरुद्ध रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात उघडपणे लिहिले. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे होते. त्यांची मर्जी सांभाळणे सोपे होते, सोयीचेही होते. रमाबाईंनी ते केले नाही.

पुढच्या पिढीत श्रद्धेचा हा प्रवाह वेगळ्या वळणाने गेला. जॅक विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला आणि पुढे त्याचा आश्रम शिवाजीनगरला आला. साधे जेवण, जमिनीवर बैठक, भारतीय पद्धतीची उपासना. पुढे आदिवासींचे अभ्यासक म्हणून गाजलेले व्हेरियर एल्विन १९२७ मध्ये याच संघात आले. त्यांचे नाव सर्वांना माहीत आहे. त्यांच्याबरोबर १९३२ मध्ये मंडला जिल्ह्यातल्या गोंडांमध्ये राहायला गेलेले याच आश्रमातले मराठी ख्रिस्ती शामराव हिवाळे मात्र विस्मरणात गेले. एल्विन पुढे ईशान्येकडे निघून गेले, शामराव तिथेच राहिले. गाजावाजा न करता आयुष्य एका ठिकाणी खर्ची घालणारी अशी माणसे आपल्या मंडळ्यांमध्ये कितीतरी होऊन गेली, आणि त्यांच्याबद्दल लिहिले गेले नाही याचे मला दुःख आहे.

१९७५ मध्ये ताडीवाला रोडच्या वस्तीत एका पाळकाने आणि त्यांच्या डॉक्टर पत्नीने सुरू केलेली दीपगृह सोसायटी याच वाटेवरची. आणि मग वढू.

केरळमधून आलेल्या सिस्टर लूसी कुरियन पुण्यात काम करीत असताना, १९९१ मध्ये एक गरोदर बाई त्यांच्याकडे आसरा मागायला आली. नवऱ्यापासून जिवाला धोका आहे, असे ती म्हणाली. कॉन्व्हेंटमध्ये अशा बाईला ठेवण्याची सोय नव्हती. उद्या काहीतरी करू, असे सांगून सिस्टरनी तिला परत पाठवले. त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटवून दिले. ती वाचली नाही, मूलही वाचले नाही. ही गोष्ट सिस्टर लूसींनी स्वतःच जाहीरपणे वारंवार सांगितली आहे. अशा बायकांसाठी काही करायचे ठरवल्यावर त्यांना फादर फ्रान्सिस डिसा या जेझुइट अभ्यासकांचा आधार मिळाला आणि १९९७ च्या फेब्रुवारीत पुण्याजवळच्या वढू बुद्रुकला ‘माहेर’ या आश्रयस्थानाचे पहिले घर उघडले. तिथे येणारीचा धर्म किंवा जात पाहिली जात नाही, सगळ्यांचे सण साजरे होतात. आज महाराष्ट्राबाहेर केरळ, झारखंडमध्येही त्याची घरे आहेत.

शारदासदनावर जो आक्षेप आला होता, त्याचे शंभर वर्षांनी दिलेले उत्तर मला इथे दिसते. श्रद्धा झाकलेली नाही आणि आत येणाऱ्या बाईला तिची किंमतही मोजावी लागत नाही. रमाबाई हातात काही नसताना निघाल्या. सिस्टर लूसींना एका रात्रीचा उशीर झाला आणि त्या उशिराचे ओझे त्यांनी कामात उतरवले.

पुण्यातल्या आमच्या बहुतेक चर्चना सभागृह आहे, पाळकांचे घर आहे, महिला संघ आहे. लग्ने, वाढदिवस, नाताळचे कार्यक्रम तिथे होतात, ते व्हावेत. पण रात्री अकराला लेकराला कडेवर घेऊन आलेल्या बाईसाठी एक खोली, दोन अंथरुणे आणि फोन उचलणारे एक माणूस प्रत्येक मंडळीने ठेवायला हवे. वार्षिक सभेत अंदाजपत्रक मांडताना हा खर्च रंगरंगोटीच्या आधी यावा, अशी माझी मागणी आहे.