ईएन ८ आणि सी ४५ एकच का? स्टीलच्या ग्रेडची जोडी कशी लावायची

शिराळ्याकडून शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांसाठी आजचा भाग खास आहे. समजा, ड्रॉइंगवर जर्मन ग्रेड आहे, सी ४५. दुकानदार म्हणतो, "ईएन ८ घेऊन जा, एकच आहे." खरंच एकच आहे का?

आधी नावं बघू. ईएन ८ मधलं 'ईएन' म्हणजे युरोपियन नॉर्म नव्हे बरं का! तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला, ब्रिटिश बीएस ९७० चा जुना क्रमांक आहे. त्यातल्या ८ वरून आत काय आहे ते कळत नाही. बाकीची नावं मात्र बोलतात. अमेरिकन १०४० मध्ये शेवटचे ४० म्हणजे साधारण ०.४० टक्के कार्बन. आपल्या भारतीय ४०सी८ मध्येही तेच, आणि ८ म्हणजे सरासरी ०.८ टक्के मँगनीज. सी ४५ आणि जपानी एस४५सी म्हणजे ०.४५ टक्क्यांच्या आसपास कार्बन.

आता आकडे. ईएन ८ चं नंतरचं ब्रिटिश नाव ०८०एम४०. त्यात कार्बन ०.३६ ते ०.४४ टक्के. सी ४५ मध्ये ०.४२ ते ०.५०. म्हणजे दोघांची हद्द फक्त ०.४२ ते ०.४४ एवढीच जुळते. ०.३८ कार्बनचा बार ईएन ८ म्हणून पास, सी ४५ म्हणून नापास. तो वापरला तर इंडक्शन हार्डनिंगनंतर हवी तेवढी हार्डनेस मिळेलच असं नाही. उलट, ईएन ८ च्या जागी जास्त कार्बनचा माल लावला, तर क्वेंचिंगमध्ये तडा जायचा धोका वाढतो. मशीनिंगचा सगळा खर्च पाण्यात!

म्हणून इक्विव्हॅलंट म्हणजे 'जवळचा', 'तोच' नव्हे. मग करायचं काय?

१. तक्त्यावरून फक्त उमेदवार ग्रेड शोधा.
२. दोन्ही स्टँडर्डमधल्या प्रत्येक घटकाची कमाल-किमान मर्यादा शेजारी लिहा.
३. साइज, ताकद आणि माल नॉर्मलाइज्ड हवा की हार्डन-टेम्पर केलेला, तेही जुळवा.
४. टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर बारवरच्या नंबरशी ताडून बघा.
५. ग्रेड बदलायचा तर कस्टमरची लेखी परवानगी घ्या. फोनवरचं "चालतंय की" रिजेक्शनच्या वेळी कामाला येत नाही.

हा भाग तुमच्या वर्कशॉपमधल्या दोस्ताला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!