७ कोटी मतं आणि एक शिपाई

२००७ सालचा ‘इंडियन आयडॉल’चा निकाल बहुतेकांच्या स्मरणातून पुसला गेला असेल. माझ्या डोक्यातून तो कधी गेलाच नाही. २३ सप्टेंबरला तिसऱ्या पर्वाची अंतिम फेरी झाली. दार्जिलिंगचा गोरखा प्रशांत तमांग जिंकला, शिलाँगचा अमित पॉल हरला. सुमारे ७ कोटी मतं पडल्याचं आणि प्रशांतला अमितच्या जवळपास दहापट मिळाल्याचं तेव्हा छापून आलं. अमित सरस गायचा, असं म्हणणारे पुष्कळ होते, मीही त्यातलाच. मग ओरड झाली, की मतं गाण्याला नव्हे, मुलखाला पडली.

ओरड नवी नव्हती. ‘फेम गुरुकुल’मध्ये काश्मीरचा काझी तौकीर, ‘सारेगमप’मध्ये सिलचरचा देबोजित साहा जिंकला, त्या दोन्ही वेळी हेच बोललं गेलं. २००९ मध्ये वर्ध्याकडच्या वैशाली माडे हिंदी ‘सारेगमप’ जिंकल्या, तेव्हा मात्र आपण मराठी माणसांनी त्याला अभिमान म्हटलं.

ते ७ कोटी एकदा जनगणनेशेजारी ठेवून बघा. २००१ साली दार्जिलिंग जिल्हा, खालची सिलिगुडी धरून, सुमारे १६ लाखांचा. सिक्कीम साडेपाच लाखांच्या आत. अख्खं मेघालय २३ लाखांचं. तान्ही पोरं धरूनही ही ४५ लाख माणसं. देशभर पांगलेले गोरखे, फौजेतले जवान आणि बाकीचे प्रेक्षक यात मिळवले, तरी एकेका माणसाने एका बैठकीत किती एसएमएस केले असतील याचा अंदाज येतो. नियमच तसा होता: कितीही वेळा मत द्या, दर वेळी पैसे मोजा. गरीब मुलखाने वर्गणी काढली. दार्जिलिंग, कर्सियांग, कालिम्पाँगला लोकांना फुकट मत देता यावं म्हणून फोन लावले गेले. पैसे कार्यकर्त्यांनी जमवायचे, बटणं पोरांनी दाबायची.

प्रशांत कोलकाता पोलिसांत शिपाई होता. वडील त्याच खात्यात होते. ते गेल्यावर त्यांच्या जागी पोरगा लागला आणि पोलिसांच्या वाद्यवृंदात गाऊ लागला. गोरखा म्हणजे गुरखा, गुरखा म्हणजे फाटकावरचा माणूस, एवढीच ओळख ज्यांच्या वाट्याला आली, त्यांना आपल्यातला कुणीतरी दर आठवड्याला टीव्हीवर दिसत होता.

पण मला खिळवून ठेवलं ते दार्जिलिंगच्या डोंगरातल्या दुसऱ्याच एका भांडणाने. १९८६ ते ८८ या काळात गोरखालँड या वेगळ्या राज्यासाठी झालेल्या आंदोलनात हजारावर माणसं मेली. त्यातून स्थानिक कारभारासाठी दार्जिलिंग गोरखा पर्वतीय परिषद निघाली आणि आंदोलनाचे नेते सुभाष घिसिंग तिचे सर्वेसर्वा झाले. २००४ साली परिषदेची निवडणूक व्हायला हवी होती. ती झाली नाही. २००५ मध्ये सरकारने घिसिंग यांनाच एकट्याला काळजीवाहू प्रशासक नेमलं. म्हणजे ज्या माणसांनी प्रशांतसाठी अंगठे झिजवले, त्यांना स्वतःच्या परिषदेसाठी मत द्यायची सोयच उरली नव्हती. या प्रकरणातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला वाटते, आणि पक्षपाताची ओरड करणाऱ्यांच्या तोंडी ती कधी आली नाही.

घिसिंग प्रशांतच्या मोहिमेपासून चार हात लांब राहिले. त्यांच्याच तालमीतला, तुकवारकडचा परिषद-सदस्य बिमल गुरुंग मात्र त्यात उतरला. फॅन क्लब, वर्गण्या, मिरवणुका असं सगळं त्याने हाती घेतलं. गावोगावची माणसं, पैसे गोळा करणारे हात, एका हाकेला जमणारी पोरं अशी एखाद्या पक्षाला लागणारी सगळी सामग्री एका गाण्याच्या कार्यक्रमाने त्याच्यापुढे आणून ठेवली.

निकालानंतर दिल्लीच्या एका खासगी रेडिओ केंद्रावरचा निवेदक बोलून गेला की गोरखेच आयडॉल व्हायला लागले तर राखण कोण करणार. २८ सप्टेंबरला सिलिगुडीत मोर्चा निघाला, हाणामारी झाली, संचारबंदी लागली, लष्कर बोलवावं लागलं. आणि ७ ऑक्टोबरला, अंतिम फेरीनंतर बरोबर दोन आठवड्यांनी, गुरुंगने गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन केला. २००८ च्या मार्चमध्ये घिसिंग यांना पद सोडावं लागलं; मग दार्जिलिंगही सुटलं. २००९ मध्ये याच मोर्चाच्या पाठिंब्यावर राजस्थानचे जसवंत सिंह दार्जिलिंगमधून लोकसभेवर गेले.

शिलाँगमध्ये त्याच मतदानाने उलटी किमया केली. अमित पॉल बंगाली. १९७९ मध्ये याच शहरात बंगाल्यांविरुद्ध दंगे झाले होते, १९८७ मध्ये नेपाळ्यांविरुद्ध. बाहेरच्यांना ‘दखार’ म्हणून लांब ठेवणारे इथले खासी लोक २००७ मध्ये एका दखार पोरासाठी रस्त्यावर आले. मुख्यमंत्री डी. डी. लापांग यांनी त्याला राज्याचा शांतिदूत केलं. अश्विन पुनथांबेकर या माध्यम-अभ्यासकाने २०१० मध्ये यावर लिहिलं. ते मिळवून जरूर वाचावं. त्या जल्लोषाने जुनं वैर मिटलं असं मी म्हणणार नाही. पण एका शहरातले लोक काही आठवडे एकमेकांच्या बाजूने उभे राहिले, हे खरं आहे आणि ते काही थोडं नाही.

म्हणून ‘मुलखाला मतं पडली’ हा आरोप मला अर्धवट वाटतो. मतं मुलखालाच पडली. पैसे घेऊन हवी तितकी मतं विकणाऱ्या स्पर्धेला तेच हवं होतं. आणि ज्यांना स्वतःच्या परिषदेसाठी मत देता येत नव्हतं, त्यांनी ते इथे दिलं.

पुढे परिषदेच्या जागी गोरखालँड प्रादेशिक प्रशासन आलं. त्याची पहिली निवडणूक २०१२ मध्ये झाली. पाच वर्षांनी व्हायची दुसरी निवडणूक झाली २०२२ मध्ये.