मुंबईच्या दोन चिलखती नौका

मुंबई बंदराच्या रक्षणासाठी एकेकाळी दोन चिलखती युद्धनौका ठेवलेल्या होत्या. एकीचे नाव ‘मॅग्डाला’, दुसरीचे ‘ॲबिसिनिया’. १८६८ साली मुंबईहून गेलेल्या फौजेने ॲबिसिनियातील मॅग्डालाचा गड घेतला. त्या मोहिमेवरून ही नावे पडली. त्याच वर्षी लंडनमध्ये, थेम्सकाठच्या खाजगी गोद्यांत, दोहोंचे काम सुरू झाले आणि १८७० संपण्यापूर्वी त्या तयारही झाल्या. प्रत्येकीवर दोन फिरते बुरूज आणि त्यांत दहा इंची चार तोफा होत्या.

सव्वादोन वर्षांत चिलखती नौका पुरी व्हावी, हे त्या काळी भाग्यच म्हणावयाचे. ब्रिटनची ‘इन्फ्लेक्झिबल’ १८७४ साली हाती घेतली गेली आणि १८८१ साली पुरी झाली. अमेरिकेच्या ‘मोनॅडनॉक’चे काम १८७४ साली निघाले, ती आरमारात दाखल झाली १८९६ साली!

हा विलंब कारागिरांच्या आळसामुळे होत नसे. त्याच्या मुळाशी तोफ आणि चिलखत यांची चढाओढ होती. पत्रा जाड झाला की तोफ मोठी व्हावी. तोफ मोठी झाली की पत्रा आणखी जाड करावा. १८६१ सालच्या ‘वॉरियर’चे चिलखत साडेचार इंचांचे होते, ‘इन्फ्लेक्झिबल’चे चोवीस इंचांवर गेले. इतके जड चिलखत केवळ मध्यभागीच घालता आले. तेव्हा उघडी टोके फुटल्यास नौका तरेल काय, अशी शंका निघाली आणि १८७७ साली चौकशी समिती बसली. ‘मोनॅडनॉक’ची अडचण पैशाची होती. नव्या नौकेस मंजुरी नव्हती, म्हणून जुन्या नौकेची ‘दुरुस्ती’ असे कागदोपत्री दाखविले गेले; पैसा आटताच तिचा सांगाडा वर्षानुवर्षे पडून राहिला.

अशा विलंबाची किंमत मोठी असे. ‘इन्फ्लेक्झिबल’ समुद्रावर आली, तोवर तिच्या ठासणीच्या तोफा जुनाट ठरू लागल्या होत्या. नौकेचे आयुष्य आराखडा ठरतो त्या दिवसापासूनच सरू लागते. गोदीत गेलेली वर्षे तिला परत मिळत नाहीत.

मुंबईच्या नौका लहान होत्या आणि त्यांना बंदरच राखावयाचे होते. म्हणून त्या वेळेवर झाल्या. १८९२ साली त्यांवर नव्या तोफा चढल्या. अखेर १९०३ व १९०४ साली दोन्ही विकल्या गेल्या. मुंबईवर शत्रूचे आरमार चालून आलेच नाही. आले असते, तर पहारा वेळेवर उभा होता.