पोरं बदलली, पत्ता तोच

रात्री कोयते नाचवत रस्त्यावरच्या गाड्यांच्या काचा फोडणाऱ्या टोळक्याची बातमी पुण्यात आता नवी राहिलेली नाही. टोळक्यात बहुतेक वेळा दोन-तीन ‘विधिसंघर्षग्रस्त बालकं’ (म्हणजे अल्पवयीन आरोपी) असतात, पोलीस त्यांना ताब्यात घेतात आणि मग वाचकांची पत्रं येऊ लागतात. अलीकडच्या एका पत्रात थेट विचारलंय : हे सगळं झोपडपट्टीतच का उगवतं? रक्तातच असतं की संस्कारांत खोट असते?

शंभर वर्षांपूर्वी शिकागोत लोक नेमकं हेच विचारत होते. फरक इतकाच, की तिथे काही माणसं कोर्टाची जाडजूड रजिस्टरं उघडून बसली.

अमेरिकेतलं पहिलं बाल न्यायालय शिकागोत 1899 मध्ये सुरू झालं. त्या कोर्टात मुलांवर कसले आरोप ठेवले जात, याची एक यादी जेन अ‍ॅडम्स यांनी 1909 मधल्या आपल्या पुस्तकात दिली आहे. रेल्वेरुळांलगत शेकोट्या पेटवल्या. धावत्या गाडीच्या खिडक्यांवर दगड मारले. सांधा फिरवून ट्राम रुळांवरून उतरवली. एका थिएटरात तर चालू नाटकातल्या नटांवर गलोलीने नेम धरला! ही यादी मी कितीदा तरी वाचली आहे. दर वेळी वाटतं, यातली निम्मी पोरं आपल्या गावात असती तर कान पिळून घरी पाठवली गेली असती. शिकागोत ती कोर्टात उभी राहिली.

अ‍ॅडम्स यांच्याच ‘हल हाउस’ या वस्ती-केंद्रात राहणाऱ्या दोन स्त्रियांनी पुढचं पाऊल टाकलं. सोफोनिस्बा ब्रेकिन्रिज शिकागो विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयातून पदवी घेणारी पहिली स्त्री, तर एडिथ अ‍ॅबट यांची डॉक्टरेट अर्थशास्त्रातली. कोर्टाच्या पहिल्या दहा वर्षांच्या नोंदी त्यांनी चाळल्या, मुलांच्या घरांची पाहणी करवून घेतली आणि 1912 मध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात शहराचा नकाशा होता. कोर्टात आलेली मुलं शहरभर विखुरलेली नव्हती, ठरावीक दाट वस्त्यांतच त्यांचे पत्ते एकवटले होते. गुन्हेगारीच्या समाजशास्त्राचं पाठ्यपुस्तक उघडा, या दोघींसाठी एखादी ओळ मिळाली तरी खूप. त्या काळच्या विद्यापीठात पुरुषांनी केलं की ते शास्त्र आणि बायकांनी केलं की समाजसेवा, अशी वाटणी होती. ती मला आजही खुपते.

मान मिळाला तो क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या समाजशास्त्रज्ञांना. तो त्यांनी कमावलेलाही होता. दोघेही शेतकऱ्यांच्या मुलखातून शहरात आलेले. शॉ पोरांत रमणारा, स्वतः प्रोबेशन अधिकारी राहिलेला, तर मॅके आकड्यांत बुडालेला अबोल माणूस. कोर्टात आलेल्या मुलांचे पत्ते त्यांनी तीन वेगवेगळ्या कालखंडांतून घेतले : 1900 ते 1906, 1917 ते 1923 आणि 1927 ते 1933. दर खेपेला आठ हजारांहून अधिक मुलं. मग शहराचे चौरस मैलाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यातल्या मुलांमागे किती जण कोर्टात आले, याचं प्रमाण काढलं. ही सगळी मोजणी हाताने केलेली.

तिन्ही नकाशांत शहराच्या मध्याला, कारखाने आणि रेल्वेच्या यार्डांना चिकटलेल्या वस्त्यांत हे प्रमाण सर्वांत जास्त निघालं आणि बाहेर सरकावं तसं ते घटत गेलं. इथवर नवल काही नाही. नवल पुढे आहे. पहिल्या आणि तिसऱ्या नकाशामध्ये जवळपास एक पिढी गेली होती. तेवढ्यात त्या वस्त्यांतली माणसंच बदलली होती. आधी जर्मन, आयरिश, स्वीडिश कुटुंबं होती. ती निघून गेली, इटालियन आणि पोलिश आली, मग दक्षिणेतून आलेले कृष्णवर्णीय. भाषा, चर्च, स्वयंपाकघरातले वास, सगळं बदललं. प्रमाण मात्र चढंच राहिलं. आणि जी कुटुंबं बाहेरच्या भागात गेली, त्यांच्या मुलांचं कोर्टात येणं तिथे गेल्यावर कमी झालं.

जुन्या वाड्यातल्या एखाद्या खोलीत कुठलाही भाडेकरू येवो, त्याची पोरं खोकतच राहतात. पहिल्याला आपण म्हणतो, यांची प्रकृतीच नाजूक. दुसऱ्याला म्हणतो, खाण्यापिण्याची हयगय. चौथा भाडेकरूही खोकू लागला की मग कुणीतरी भिंतीला हात लावून बघतं आणि हाताला ओल लागते. शॉ आणि मॅके यांनी भिंतीला हात लावला. तोही कधी? मुलाच्या कवटीत, बुद्ध्यंकात आणि खापरपणजोबांत गुन्ह्याचं मूळ शोधणाऱ्यांचा दबदबा होता त्या काळात! रक्ताचा प्रश्न तिथे जवळपास निकालात निघाला.

मग ओल कशाची? भाडेकरू सतत बदलतात, शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही, कोपऱ्यावरच्या पोराला ‘कुणाचा रे तू?’ असं विचारणारं माणूस उरत नाही, आणि मोठी पोरं धाकट्यांना शिकवून तयार करतात. कोर्टात आलेल्या दहापैकी आठांहून अधिक मुलांच्या गुन्ह्यात साथीदार होता, हेही या दोघांनीच दाखवलं. पुढच्या समाजशास्त्रज्ञांपैकी मर्टन यांनी स्वप्नं आणि संधी यांच्यातल्या दरीवर बोट ठेवलं, सदरलंड यांनी गुन्हा शिकला जातो कसा ते मांडलं, हर्शी यांनी प्रश्नच उलटा केला : बाकीची मुलं गुन्हा का करत नाहीत? ते सगळे आपापल्या जागी मोलाचे. मला मात्र त्या तीन नकाशांतल्या एका भोकाबद्दल बोलायचं आहे.

नकाशावर दिसतात ती पकडली गेलेली मुलं. न पकडलेल्यांचं काय?

विल्यम चॅम्ब्लिस या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या एका गावातल्या शाळकरी पोरांच्या दोन टोळ्यांचं दोन वर्षं निरीक्षण केलं आणि 1973 मध्ये ते प्रसिद्ध केलं. गावाचं खरं नाव झाकलेलं आहे. आठ मुलं चांगल्या घरची, त्यांना त्यांनी ‘संत’ म्हटलं. सहा मुलं गरीब घरची, ती ‘दांडगट’. संत वर्ग बुडवत, दारू पिऊन बेफाम गाडी हाकत, रस्तादुरुस्तीच्या खड्ड्याभोवतीचे अडथळे आणि कंदील काढून टाकत आणि लपून बसत. अंधारात एखादी गाडी खड्ड्यात आदळली की खिदळत. हे वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्या गाडीत कोण बसलेलं असेल याची त्यांना फिकीर नव्हती. दांडगट मारामाऱ्या करत, भुरट्या चोऱ्या करत. चॅम्ब्लिस यांच्या मते दोन्हीकडचे गुन्हे साधारण सारखेच होते. तरी त्या दोन वर्षांत एकाही संताला अटक झाली नाही. दांडगटांच्या मागे पोलीस हात धुऊन लागलेले.

संतांकडे गाड्या होत्या. ते दूरच्या शहरात जाऊन धिंगाणा घालत. दांडगट गावातल्या चौकात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उभे असत. संत पोलिसांपुढे नम्रपणे माफी मागत, दांडगट उर्मटपणे बोलत. पुढे बहुतेक संत कॉलेजात गेले. दांडगटांपैकी दोघे फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर शिकले आणि सावरले. दोघे खुनासाठी तुरुंगात गेले.

आता पुण्यातल्याच कल्याणीनगरचा मे 2024 मधला अपघात आठवा. आलिशान मोटार, चालवणारा सतरा वर्षांचा, दोन तरुण जीव गेले. बाल न्याय मंडळाने काही तासांत जामीन दिला आणि अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध होता. लोक खवळल्यावर आदेश फिरला. मुलाला सुधारण्याची संधी मिळावी, हे तत्त्व मला मनापासून पटतं आणि कायद्यातही तेच आहे. माझं म्हणणं एवढंच, की कोयत्याच्या गुन्ह्यात सापडलेल्या वस्तीतल्या पोरालाही पहिल्या दिवशी तितक्याच धीराने वागवलं जावं. त्याची तर काही वेळा पोलीस ठाण्याच्या दारापासूनच धिंड निघते आणि वस्तीत त्याच्यावर कायमचा शिक्का बसतो.

मुंबईत वस्तीकडे बघण्याचं शिकागोचं हे वारं फार लवकर पोहोचलं होतं. शिकागो विद्यापीठात शिकलेले क्लिफर्ड मॅनशार्ड्ट 1925 मध्ये अमेरिकन मराठी मिशनसाठी इथे आले, नागपाड्यात वस्ती-केंद्र उभं केलं आणि 1936 मध्ये तिथेच समाजकार्याची शाळा सुरू झाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. आपल्याकडे ही दृष्टी आहे, तीही जवळपास नव्वद वर्षांपासून.

शॉ-मॅके यांचं बोट धरून रॉबर्ट सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात शिकागोच्या 343 परिसरांतल्या 8,782 रहिवाशांना प्रश्न विचारले. शाळा बुडवून पोरं कोपऱ्यावर टवाळक्या करताना दिसली तर शेजारी मध्ये पडतील का? कुणी भिंती रंगवून विद्रूप केल्या तर? पोर मोठ्या माणसाला उलटून बोललं तर? घरासमोर मारामारी जुंपली तर? आणि पाचवा प्रश्न : जवळचं अग्निशमन केंद्र बंद व्हायची वेळ आली तर लोक एकत्र येतील का? गरिबी सारखी असली तरी जिथे शेजाऱ्यांचा एकमेकांवर विश्वास होता आणि मध्ये पडायची तयारी होती, तिथे हिंसा कमी आढळली. 1997 मध्ये ‘सायन्स’ने हे छापलं. पाचव्या प्रश्नातला झगडा मात्र पोरांशी नाही, महापालिकेशी आहे. दरवर्षी घर बदलावं लागणाऱ्या, पुनर्वसनात ओळखीच्या शेजाऱ्यांपासून तोडून दूरच्या इमारतीत टाकलेल्या माणसांनी तो झगडा कुणाला सोबत घेऊन करायचा, हे पत्रलेखकाने त्याच्या वॉर्डातल्या नगरसेवकाला विचारावं.