घरच्या मोटारींतील खरी व खोटी काटकसर

गेल्या कांहीं वर्षांत बागायतदार कुटुंबांच्या दारांत ट्रॅक्टरशेजारीं एक चारचाकी गाडीहि उभी राहूं लागली आहे. दवाखाना, बाजार, बँक, लग्नकार्य, देवदर्शन अशा नाना कामांस ती उपयोगीं पडते, आणि ती केवळ चैनीची वस्तु आहे असें आतां कोणी म्हणणार नाहीं. गाडी घेतेवेळीं घरांत पहिला प्रश्न निघतो तो ‘ॲव्हरेज किती देते?’ हा. प्रश्न रास्त आहे. परंतु पेट्रोल वांचविण्याच्या ज्या युक्त्या चावडीवर व चहाच्या दुकानांत सांगितल्या जातात, त्यांपैकीं कांहींनीं पेट्रोल तर वांचत नाहींच, उलट जीव मात्र धोक्यांत येतो. याच्या उलट, ज्या गोष्टींनीं खर्च खरोखर कमी होतो त्यांपैकीं बहुतेक गोष्टींनीं गाडींतील माणसेंहि सुखरूप राहतात. ही गोष्ट उदाहरणांनीं स्पष्ट करावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

विषय क्षुल्लक नाहीं. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक खात्यानें प्रसिद्ध केलेल्या आंकड्यांप्रमाणें सन २०२२ या एका वर्षांत आपल्या देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं. त्यांपैकीं १६,७१५ माणसांनीं गाडींतील पट्टा बांधलेला नव्हता. पट्टा बांधण्यास पैसा पडत नाहीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या आंकड्याचें दुःख अधिकच वाटतें.

उतारावरील गाडी.— कुंभार्ली किंवा आंबोलीसारखा घाट उतरतांना गिअर काढून गाडी मोकळी सोडावयाची, आणि कोणी तर इंजिनहि बंद करावयाचें, अशी चाल पुष्कळ ठिकाणीं आढळते. जुन्या कार्बुरेटरच्या गाड्यांत या युक्तीनें थोडेंबहुत पेट्रोल वांचत असे. हल्लींच्या गाड्यांत इंधन पिचकारीनें सोडलें जातें व त्याचें माप गाडींतील संगणक ठरवितो. गाडी गिअरांत असतां ॲक्सिलरेटरवरील पाय काढला, म्हणजे चाकेंच इंजिनास फिरवितात आणि संगणक इंधनाचा पुरवठा थांबवितो. उलट गिअर काढला कीं इंजिन चालू ठेवण्यापुरतें इंधन पुन्हां लागूं लागतें. म्हणजे ज्या बचतीकरितां हें साहस करावयाचें ती बचतच होत नाहीं.

धोका मात्र पुरेपूर असतो. गिअरांत असलेलें इंजिन गाडीस मागें ओढून धरतें. गिअर काढल्यावर सर्व भार ब्रेकवर पडतो. ब्रेक सारखे दाबून धरले म्हणजे ते तापतात, आणि फार तापलेला ब्रेक ऐन वळणावर पकड सोडतो. इंजिन बंद केल्यास ब्रेक दाबण्यास जी यांत्रिक मदत मिळते ती दोन-तीन वेळां पाय दाबल्यावर संपते व स्टिअरिंगहि जड होतें. चालत्या गाडीची किल्ली काढून घेतल्यास कित्येक गाड्यांत स्टिअरिंगला कुलूप पडतें. जुन्या ड्रायव्हर लोकांचा नियम असा कीं, ज्या गिअरांत घाट चढावा त्याच गिअरांत उतरावा. तो नियम आजहि पाळण्यासारखा आहे.

चाकांतील हवा.— चिखलांत रुतलेली बैलगाडी ओढावयास बैलांस किती जोर पडतो हें शेतकऱ्यांस सांगावयास नको. हवा कमी असलेल्या चाकांवर मोटार चालविणें हा तसाच प्रकार होय. इंजिनास जोर अधिक पडतो व इंधन अधिक जातें. पण एवढ्यानें भागत नाहीं. कमी हवेच्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यास दबते व पुन्हां ताठ होते. त्या चेपाचेपीनें तो आंतून तापतो आणि भरधांव असतांना फुटूं शकतो. उन्हाळ्यांत रस्ता तापतो म्हणून हवा थोडी कमीच ठेवावी, असा एक समज आहे. तो अगदीं उलटा आहे. हवा कमी ठेवल्यानें टायर कमी न तापतां अधिकच तापतो.

हवा किती असावी याचा आंकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेला असतो. माणसें भरलेल्या गाडीकरितां तेथें निराळा आंकडा दिला असल्यास लांबच्या प्रवासांत तो धरावा. माप सकाळीं, टायर थंड असतां, घ्यावें. प्रवासानें तापलेल्या टायरांत आंकडा वाढलेला दिसतो, म्हणून त्यांतील हवा सोडूं नये. महिन्यांतून एकदां तरी ही तपासणी करावी व त्या वेळीं स्टेपनीस विसरूं नये. टायरच्या खांचांच्या तळाशीं लहान उंचवटे असतात. झिजून पृष्ठभाग त्यांच्याबरोबर आला, म्हणजे खांच १.६ मिलिमीटर उरली आणि टायर बदलण्याची वेळ आली असें समजावें. टायरच्या बाजूवरील चार आंकड्यांत त्याची जन्मतारीख असते. २३२१ असें असल्यास तो २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यांत तयार झाला. जुना माल स्वस्तांत मिळतो म्हणून घेण्यापूर्वीं हे आंकडे अवश्य वाचावे.

वेग.— तालुक्याचा गांव ३० किलोमीटरांवर आहे असें समजूं. ताशीं ८० च्या वेगानें तेथें जाण्यास साडेबावीस मिनिटें लागतात व १०० च्या वेगानें १८ मिनिटें. साडेचार मिनिटांच्या या लाभासाठीं काय द्यावें लागतें तें पाहावें. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ८० चे १०० झाले कीं तो दीडपटीहून अधिक होतो, आणि तेवढा भार पेट्रोलच्या टांकीवर पडतो.

गाडी थांबविण्यासहि हाच वर्गाचा नियम लागू आहे. संकट दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद धरला, तर कोरड्या व चांगल्या डांबरी रस्त्यावर ४० च्या वेगांतील गाडी सुमारें २० मीटरांत थांबते. ६० ला सुमारें ३७, ८० ला ५८ आणि १०० ला ८४ मीटर लागतात. वेग ४० चा ८० केला म्हणजे दुप्पट झाला, पण थांबण्याचें अंतर जवळ जवळ तिप्पट झालें. पावसांत तें याहूनहि वाढतें.

रात्रीचा प्रवास.— वरील आंकड्यांस रात्रीं विशेष अर्थ येतो. खालीं केलेल्या दिव्यांचा उजेड सुमारें ५० मीटर पोंचतो असें धरूं. मग ८० च्या वेगांतील ड्रायव्हरला पुढील वस्तु दिसते तेव्हां तिच्या अलीकडे थांबणें त्याच्या हातीं राहिलेलें नसतें. ऊंसगाळपाच्या हंगामांत कारखान्याच्या रस्त्यावर बिनदिव्याच्या बैलगाड्या व ट्रॉल्या चाललेल्या किंवा बंद पडलेल्या असतात. समोरून येणाऱ्या वाहनाच्या उजेडानें डोळे दिपले असतां त्या मुळींच दिसत नाहींत. यास्तव अशा रस्त्यावर रात्रीं ६० च्या वर जाऊं नये, आणि डोळे दिपल्यास त्याहूनहि कमी करावें.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोलणें आमचें कर्तव्य आहे. त्या ट्रॉल्या व गाड्या परक्यांच्या नाहींत, आपल्याच आहेत. ट्रॉलीच्या पाठीमागें लाल परावर्तक पट्टी लावणें, मागचा दिवा चालू ठेवणें, आणि बंद पडलेली ट्रॉली होईल तितकी रस्त्याच्या कडेला घेऊन तिच्या मागें खूण ठेवणें, यास फार थोडा खर्च येतो. मोटारींत आपलें कुटुंब सुरक्षित असावें असें ज्यास वाटतें, त्यानें आपल्या ट्रॉलीवर दुसऱ्याचें कुटुंब आदळूं नये याचीहि तजवीज केली पाहिजे.

ओझें.— गाडी तालुक्यास चाललीच आहे तर येतांना खताचीं पोतीं टाकून आणूं, म्हणजे टेंपोचें भाडें वांचेल, हा विचार सहज सुचतो. युरियाचें पोतें ४५ किलोचें असतें. चार पोतीं म्हणजे १८० किलो. सरासरी ६५ किलोचीं पांच माणसें धरलीं तर तीं ३२५ किलो. दोन्ही मिळून ५०५ किलो होतात, आणि एवढें वजन बहुतेक लहान मोटारींच्या शक्तीबाहेरचें आहे. त्यामुळें स्प्रिंगा बसतात, टायर झिजतात, आणि गाडी थांबावयास अधिक अंतर घेते. पोतीं न्यावयाचीच असल्यास माणसें कमी करावीं.

कीटकनाशकांच्या व तणनाशकांच्या बाटल्या मात्र माणसांच्या गाडींतून कधींहि आणूं नयेत. बंद कांचांच्या आंत गळती झाली तर तो वास मुलांच्या पोटांत जातो, आणि गादींत मुरलेलें औषध धुवून निघत नाहीं. त्यांच्या शेजारीं किराणा माल ठेवणें तर फारच घातक होय.

पट्टा.— हल्लींचा तीन ठिकाणीं बांधला जाणारा पट्टा व्होल्व्हो कंपनीचे स्वीडिश इंजिनिअर निल्स बोहलिन यांनीं तयार केला व १९५९ सालीं तो गाड्यांत बसविला जाऊं लागला. ताशीं ५० किलोमीटर हा वेग आपणांस मोठा वाटत नाहीं. परंतु त्या वेगानें भिंतीवर आदळणें म्हणजे सुमारें १० मीटर उंचीवरून, तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून, खालीं पडण्यासारखें आहे. आईच्या मांडीवरील १० किलोचें मूल अशा धक्क्यांत क्षणभर दीड क्विंटलाएवढें जड होतें. तें कोणत्याहि आईच्या हातांत राहणें शक्य नाहीं. येथें माया कमी पडत नाहीं, बळ कमी पडतें. यास्तव मुलास त्याच्या वयाजोगत्या स्वतंत्र आसनांत मागें बसवावें. पाठ पुढें करून बसविण्याचें तान्ह्या मुलाचें आसन चालू एअरबॅगसमोर पुढच्या जागेवर ठेवूं नये. फुगणारी एअरबॅगच त्यास घातक होते.

मागें बसणारानेंहि पट्टा बांधला पाहिजे, कारण तो न बांधल्यास धक्क्यासरशीं तो पुढच्या माणसावर आदळतो. पट्ट्याचा भोंगा वाजूं नये म्हणून नुसती कडी खोबणींत अडकविणारे लोक आम्ही पाहिले आहेत. ही फसवणूक पोलिसांची नव्हे, स्वतःची आहे. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीनें पट्टा न बांधल्यास १,००० रुपये दंड ठेविला आहे, व १४ वर्षांखालील मुलांसहि बांधून बसविण्याची जबाबदारी घातली आहे. त्याच दुरुस्तीप्रमाणें अज्ञान मुलाच्या हातीं गाडी देऊन गुन्हा घडल्यास पालकास किंवा मालकास ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो. ड्रायव्हरचा रोज वांचावा म्हणून सोळा वर्षांच्या मुलास गाडी देणें ही खोट्या काटकसरीची परिसीमा समजावी.

फरशीवरील पाणी.— पावसाळ्यांत ओढ्याच्या फरशीवरून पाणी वाहत असतां दहा-पंधरा किलोमीटरांचा वळसा वांचविण्याकरितां गाडी पाण्यांत घालण्याचा मोह होतो. वाहतें पाणी फूटभर खोल असलें तरी लहान गाडी त्यांत तरंगूं व वाहूं लागते. गाडी वाहिली नाहीं तरी इंजिनांत पाणी शिरल्यास आंतील दांडे वांकतात. अशा वेळीं बंद पडलेलें इंजिन पुन्हां सुरू करण्याचा यत्न मुळींच करूं नये. वळशास लिटरभर पेट्रोल लागेल. इंजिनाच्या दुरुस्तीस एका पिकाचें उत्पन्न जाईल. आणि माणूस गेल्यास त्याचा हिशेबच नाहीं.

वही.— शेवटीं एक सोपी संवय सुचवितों. गाडींत एक लहान वही ठेवावी. टांकी पूर्ण भरून मीटरचा आंकडा लिहावा. पुढील वेळीं पुन्हां पूर्ण भरतांना किती लिटर लागलें व किती किलोमीटर झाले तें लिहावें. ४२० किलोमीटरांस २८ लिटर लागलें तर ॲव्हरेज १५ झालें. तें पुढें एकदम १३ वर आलें, तर हवा कमी आहे, ब्रेक घासत आहे, हवेची जाळी तुंबली आहे, किंवा पाय जड पडत आहे, यांपैकीं कांहींतरी घडलें असें समजून शोध घ्यावा. दुभत्या जनावराचें दूध घटलें म्हणजे आपण वैरण व प्रकृति पाहतों, त्याचप्रमाणें हें आहे. घासणारा ब्रेक वहींत आधीं सांपडला तर तो घाटांत सांपडत नाहीं.

वर सांगितलेल्या गोष्टींत एकहि अशी नाहीं कीं जी सामान्य शेतकऱ्याच्या आवांक्याबाहेरची आहे. महिन्यास अर्धा तास, चार ओळी लिहिण्याची शिस्त, आणि घरांतून साडेचार मिनिटें आधीं निघणें, एवढ्यानें पुष्कळ साधतें. येत्या रविवारीं सकाळीं दाराच्या चौकटीवरील आंकडा वाचून चाकांची हवा पाहावी व तेथूनच आरंभ करावा, अशी आमची वाचकांस विनंति आहे.