चूर्णाची आर्द्रता आणि आलेखावरील बिंदू

लवणभास्कर चूर्ण वर्षाऋतूत गोळे धरते, हा आपणा सर्वांचाच अनुभव. आमच्या औषधनिर्माणशाळेतून गेलेले डबे असे परत येऊ लागले, तेव्हा आम्ही झाकणांना दोष देऊन डब्यांचा पुरवठादार बदलला. तक्रारी मात्र थांबल्या नाहीत.

शेड्यूल ‘टी’नुसार बॅचच्या नोंदी आपण ठेवतोच. जपानी गुणवत्तातज्ज्ञ काओरू इशिकावा यांनी पुरस्कारलेल्या सात साधनांपैकी स्कॅटर डायग्रामवर आम्ही त्या मांडल्या. आडव्या अक्षावर चूर्ण दळल्यापासून डबाबंदीपर्यंत गेलेले तास, उभ्या अक्षावर १०५ अंश सेल्सियसला वाळवून आढळलेली वजनातील घट. प्रत्येक बॅचचा एक बिंदू. तास वाढत गेले तसे बिंदूही वर चढत गेलेले दिसले.

तथापि सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. पावसाची झड विलंब व आर्द्रता दोन्ही वाढवू शकते. म्हणून एकाच बॅचचे दोन भाग केले. एक तत्काळ भरला, दुसरा दुसऱ्या दिवशी. पहिला कोरडा राहिला. दुसऱ्याचे गोळे झाले.

आलेखाने अनुमान दिले, प्रयोगाने प्रत्यक्ष. जुन्या पुरवठादाराकडे आम्ही पुन्हा गेलो. वैद्यबंधुभगिनींनीही दोष ठरविण्यापूर्वी आपल्या नोंदी एकदा अशा मांडून पाहाव्यात.