इच्छापोरच्या गच्चीवरून देवयानी

देवयानी दीर्घिका आपल्यापासून सुमारे 25 लाख प्रकाशवर्षे दूर आहे, तरी आकाशात तिची लांबी पूर्णचंद्राच्या सहापट भरते. शहरी उजेडात ती दिसत नाही ती अंधुकपणामुळे. आकार एवढा मोठा असल्याने तिच्या फोटोसाठी मोठ्या दुर्बिणीपेक्षा 80 मिलिमीटरची छोटी दुर्बीण आणि साधा डीएसएलआर कॅमेरा सोयीचा.

पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, म्हणून तारे रेघोट्या होऊ नयेत यासाठी माग काढणारी मोटर लागते. तिचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखायचा. सुरत परिसरातल्या इच्छापोरला तो क्षितिजापासून जेमतेम 21 अंशांवर असतो. समोर इमारत नको.

हजिऱ्याचे कारखाने आणि सुरत शहर यांच्या उजेडाने इथले आकाश राखाडी होते. लांब एक्स्पोजर दिले की फोटो पांढरा पडतो. उपाय म्हणजे एकेका मिनिटाचे शंभरेक फोटो काढून संगणकावर एकत्र करणे. दीर्घिकेचा प्रकाश शंभरपट साठतो, नॉइज मात्र दहापटच वाढतो. झाकण लावून काढलेले काही 'डार्क' फोटो सेन्सरचे दोष वजा करतात.

तेजोमेघांना उपयोगी पडणारे अरुंद पट्ट्याचे फिल्टर इथे फारसे कामाचे नाहीत, कारण दीर्घिकेचा प्रकाश ताऱ्यांचा, म्हणजे सर्व रंगांचा असतो.

नोव्हेंबरातल्या अमावास्येच्या आसपास रात्री नऊ-दहाला देवयानी जवळपास डोक्यावर, किंचित उत्तरेला येते. भिंगावर दव धरते, तेवढे अधूनमधून तपासा. पहिल्या प्रयत्नाला हीच दीर्घिका निवडा.